सरस वाळेपर्यंत

कार्व्होनेन सरांच्या डाव्या हाताला
करंगळी नव्हती, तिच्या शेजारचीही नव्हती.
पहिल्याच तासाला ते तो हात वर धरायचे,
उजव्याने करवतयंत्र दाखवायचे
आणि म्हणायचे, "हिला भूक फार."
बस्स, एवढंच.
पुढे वर्षभर त्या पात्याजवळ
कुणी बेसावध गेलं नाही.

सुतारकामाच्या वर्गात मी एकटी मुलगी. साल चौऱ्याहत्तर.
पोरं म्हणाली, हिला शिवणाच्या वर्गात धाडा.
सरांना ते ऐकू गेलं नसावं,
किंवा फार नीट ऐकू गेलं असावं.
माझ्या हातात रंधा देऊन म्हणाले,
"लाकडाला कुठे जायचंय ते आधी विचार."

माझं स्टूल डुगडुगायचं.
पायाखाली कागदाची घडी सरकवताना सापडले मी.
एक पाय कापायला लावला. मग दुसरा.
मग पुन्हा पहिला.
शेवटी उरलं ते वीतभर उंचीचं काहीतरी.
"घरी मांजर आहे?"
नव्हतं.
सोमवारी ते खोक्यातून घेऊन आले.

दाराशी अजून एक खोका असायचा, हातमोज्यांचा.
लेम्पीबाईंनी विणलेले, सगळे करडे,
नोव्हेंबरपासून बर्फ वितळेपर्यंत.
नोंद नाही, आभार नाहीत.
तांब्याची खाण बंद पडली त्या हिवाळ्यात
खोका रोज संध्याकाळी रिकामा
आणि रोज सकाळी भरलेला.
उघड्या हातांचं पोर दिसलं
की सर बसच्या दारात आडवे उभे राहायचे.
आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याचं खूळ.

आता फेब्रुवारी.
सरोवर काठापासून पार आतपर्यंत गोठलेलं.
चर्चच्या तळघरात कॉफी, वेलचीचा गोड पाव,
आणि टक्कल पडलेली आमची पोरं
घट्ट कोटांत अवघडून बसलेली.
जमिनीला कुदळ लागत नाही, दफन मेमध्ये.
तोवर सर थांबतील.
थांबणं त्यांनीच शिकवलं होतं :
सरस लावला की हाताची घडी घालून उभं राहायचं,
जोड हलवून बघायचा नाही.

नातू सांगत होता,
आम्ही आकडे आजोबांच्या बोटांवर शिकलो,
आठपर्यंत.
नऊ आणि दहा म्हणजे आजोबांचे कान.
सगळे हसले. मी करवतीचं बोलले.
आयली, त्यांची थोरली, कप खाली ठेवून म्हणाली,
"कुठली करवत?"

कोरियात गेली ती बोटं.
डोंगरात, बर्फात, विसाव्या वर्षी.
शेजारच्या खड्ड्यात आयोवाचा एक पोरगा होता,
त्याचे मोजे हरवलेले.
बाबांनी आपला एक दिला.
त्या पोराचं पुढे काय झालं
ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं तरी.
फक्त लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत
आईला म्हणाले, "तुला विणता येतं ना?"

तळघरात कुणी बोललं नाही.
किटलीच तेवढी उकळत राहिली.
मी टेबलाखाली बोटं मोजली.
चाळीस वर्षं सुतारकाम केलंय मी,
दहाच्या दहा शाबूत,
एका खोट्याच्या जोरावर.

निघताना दाराशी तो खोका होता.
गडी माणसं वाकून एकेक जोडी घेत होती,
ज्यांच्या खिशात चामड्याचे मोजे होते तीसुद्धा.
तळाशी एक राहिला, डाव्या हाताचा,
तीन बोटांचा विणलेला.
त्याला कुणी हात लावला नाही.

खुणेचा क्रूस मी करतेय. सीडरचा.
नाव कोरून झालं,
हुद्दा नको म्हणाली आयली, बरं झालं.
काल रात्री आडवी पट्टी बसवली.
मेपर्यंत वेळ आहे खूप.
सरस लावलाय.
हाताची घडी घालून उभी आहे.